कागदावरचं शेण

पॅरिस, ७ ऑक्टोबर २०१५

मॅडम,

स्टेशनवर न येऊन तुम्ही काय मिळवलंत, ते एकदा सांगा मला. आई आली, बाबा आले, बेकरीवाल्या मादाम पर्नोसुद्धा आल्या, आणि त्यांचा-माझा संबंध पावापुरता आहे. ज्या बाईने मला सहाव्या वर्षी जिम्नॅस्टिक्सची रिबन हातात धरायला शिकवली, ती बाई मात्र घरी इस्त्री करत बसली होती. हो, आईने चौकशी केली. रविवारी सकाळी इस्त्री!

तुमचं म्हणणं होतं, एक वर्ष थांब, पाठ अजून कोवळी आहे. माझं म्हणणं होतं, राष्ट्रीय केंद्र कुणासाठी वर्षभर थांबत नाही, आज बोलावलं तर आज जायचं. त्यावर तुम्ही म्हणालात, "मग जा. पण उद्यापासून मला काही विचारायला येऊ नकोस." आणि मी म्हणाले, "नाही येणार." मॅडम, मी चौदा वर्षांची आहे. माझं बोलणं इतकं मनाला लावून घ्यायचं? साठीला आलात तुम्ही!

तर विचारत नाहीये, नुसती सांगतेय. खोली लहान आहे. खिडकीतून दुसरी खिडकी दिसते. आईने दिलेलं आपलं वितळवलेलं चीज फ्रिजमधून हाकलण्यात आलं, कारण खोलीतल्या नीसच्या मुलीला म्हणे त्याचा वास सहन होत नाही. तिच्या खजुराच्या अत्तराचा वास मी सहन करते, त्याचं काही नाही.

इथल्या मुख्य प्रशिक्षक रादोस्तिना बल्गेरियाच्या आहेत. कामात वाघीण. पण शनिवारी पहिली छोटी स्पर्धा होती, आणि आत जायच्या क्षणी त्यांनी माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाहिलं आणि अगदी मायेने म्हणाल्या, "शुभेच्छा." तोंडावर! इतकी वर्षं फ्रान्समध्ये काढून या बाईला कुणी सांगितलं नाही का, की स्पर्धेत उतरणाऱ्या माणसाला शुभेच्छा दिल्या की त्याची वाट लागते, त्याला शुभ म्हणून शिवी द्यायची असते?

तुमचं कधी चुकलं नाही. दाराशी यायचं, खांद्याच्या हाडावर एक चापट मारायची आणि म्हणायचं, "शेण!" तेसुद्धा भाजी आणायला सांगावं तशा आवाजात. मी म्हणायचं, "घेतलं." की चालायला लागायचं. पहिल्यांदा ब्झांसाँच्या स्पर्धेत मी शहाण्या मुलीसारखी "मर्सी, मॅडम" म्हणाले होते, तेव्हाचा तुमचा चेहरा मी विसरलेली नाही. "अगं कार्टे, शेण दिल्यावर आभार मानतात का? मानलेस की गेलं वाया!" आणि गेलंच. चेंडू सुटला तो थेट पंचांच्या टेबलाखाली. एक म्हातारा पंच गुडघ्यांवर बसून तो काढत होता आणि तुम्ही माझ्याकडे बघत होतात, बघ म्हणून.

थोडक्यात, मला शेण हवंय. पुढची स्पर्धा नोव्हेंबरात आहे. एका कार्डावर तेवढा एक शब्द लिहून पाठवा. सही नको, खुशाली नको. शब्द लहान आहे, हात दुखणार नाही.

अपोलीन


पॅरिस, २ डिसेंबर २०१५

मॅडम,

कार्ड आलं नाही. निरोप आला, तोही आईकडून, तोही बाजारात, कोंबडीवाल्याच्या रांगेत उभ्या असताना दिलेला. "सांग तिला, कागदावरचं शेण वाळलेलं असतं. ते ताजंच द्यावं लागतं, समोरासमोर, आणि सगळ्यांत शेवटी."

वा! मग या ना समोरासमोर! गाडीने दोन तासांचा रस्ता आहे, मी काही चंद्रावर राहत नाही!

वर तुम्ही म्हणालात म्हणे, "तिला आता पॅरिसच्या बायका आहेत." कोण पॅरिसच्या बायका? एक बल्गेरियाची, एक मार्सेयची फिजिओ जी मला कायम दुसऱ्याच मुलीच्या नावाने हाक मारते, आणि एक स्वयंपाकघरातली जी बटाटे मोजून वाढते. नोव्हेंबरात मी नववी आले. पाठ दुखते. हे तुम्हाला कळवत नाहीये, कारण कळलं तर तुम्ही "मी म्हटलं नव्हतं?" म्हणणार.

अपोलीन


पॅरिस, १९ जून २०१७

मॅडम,

मी शेण खाल्लं. तुम्ही द्यायचं ते दिलं नाहीत, म्हणून मी आपलं आपण खाल्लं, तेही राष्ट्रीय स्पर्धेत, टीव्हीवर, अख्ख्या देशासमोर.

रिबनला गाठ पडली. दुसऱ्याच फेकीत. आणि मी, जिला तुम्ही हजारदा ओरडून सांगितलं होतं की गाठ सोडवत बसायचं नाही, टाकून द्यायची आणि बाजूला ठेवलेली राखीव रिबन उचलायची, ती मी गालिच्याच्या मधोमध उभी राहून गाठ सोडवत बसले. संगीत पुढे निघून गेलं. माझी दोन वळणं आणि एक उडी त्यातच गेली. सोडवली एकदाची, आणि मग उरलेलं असं केलं जणू बसमधून उतरायला उशीर झालाय. रादोस्तिना नंतर माझ्याजवळ आल्या. त्यांनी मला सफरचंद दिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाविसावी आले. पदक हातातून गेलं ते एका गाठीपायी. आता मला स्वतंत्र खेळाडू म्हणून ठेवायचं की पाच जणींच्या संघात टाकायचं, यावर वर बसलेली माणसं विचार करताहेत. विचार करताहेत म्हणजे संघात टाकणार.

आता खरी गोष्ट. आईने फोनवर सांगितलं, की तुम्ही गुरुवारी बाजारात तिला म्हणालात, "राखीव रिबनला इस्त्री केलेली नसणार. पेटीतल्या घड्या तशाच. म्हणून उचलली नाही मूर्ख मुलीने."

मॅडम, तुमच्या घरी टीव्ही नाही! तुम्ही आपल्या सगळ्या दोल गावाला ऐकवता की तुमच्या घरी टीव्ही नाही, त्यावर फक्त गाढवं बोलतात. मग पाहिलंत कुठे? कुणाच्या दिवाणखान्यात बसून पाहिलंत?

आणि हो, इस्त्री नव्हती. चुरगळलेली रिबन हवेत नीट सुटत नाही हे मला माहीत होतं, म्हणून उचलायला हात झाला नाही. इथे कुणीच राखीव रिबनला इस्त्री करत नाही. खेळायच्या रिबनला दहा वेळा करतात. तुम्हाला ते दोलमधून कसं दिसलं?

अपोलीन


पॅरिस, ११ फेब्रुवारी २०१९

मॅडम,

अपेक्षेप्रमाणे मी संघात आहे. म्हणजे संघाच्या बाकड्यावर. पाच जणी खेळतात आणि मी सहावी, ट्रॅकसूट घालून, एखादीचा घोटा मुरगळेल का याची वाट पाहत. असलं काही मनात आलं की स्वतःची लाज वाटते, आणि मग पुन्हा त्यांच्या घोट्यांकडे लक्ष जातं. बुडापेस्ट पाहिलं, सोफिया पाहिलं, सगळं बाकड्यावरून. जगभरातली बाकडी सारखीच टोचतात.

एक गंमत सांगते. शेवटी कुणीतरी रादोस्तिनाबाईंना आपली रीत समजावून सांगितली. पुढच्या स्पर्धेला त्या आमच्यासमोर उभ्या राहिल्या, राष्ट्रगीत म्हणावं तशा ताठ, आणि एकेकीला गंभीरपणे म्हणाल्या, "शेण. शेण. शेण." आम्ही सगळ्या चूप. त्या वाट पाहत राहिल्या. मग दुखावल्या. "इतकं मनापासून दिलं, एकीनेही आभार मानले नाहीत?" नीसच्या मुलीला राहवलं नाही, ती म्हणाली, "मर्सी, मॅडम." त्या दिवशी तिच्या हातून हूपचं कडं तीनदा निसटलं. मी बाकड्यावर बसून हसले, आणि माझी हकालपट्टी होता होता राहिली.

तुम्ही असतात तर हसला असतात का? मला आता तुमचं हसणं आठवत नाही, ओरडणं मात्र सगळं आठवतं.

अपोलीन


दोल, ६ जून २०२०

मॅडम,

हे पत्र पोस्टात टाकत नाहीये, तुमच्या इमारतीच्या पेटीत टाकतेय, कारण सगळं बंद असल्याने मी मार्चपासून घरीच होते, तुमच्यापासून एका गल्लीवर, आणि तरी तुम्हाला पत्रच लिहावं लागतंय. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

एप्रिलमधली ती संध्याकाळ तुम्ही विसरला असाल तर मी आठवण करून देते. घरात रिबन छताला अडते म्हणून मी ती घेऊन तुमच्या इमारतीसमोरच्या मोकळ्या जागेत यायचे. (दुसरी जागा नव्हती असं मी आईला सांगितलं. होती.) आठ वाजता लोक दवाखान्यातल्या माणसांसाठी टाळ्या वाजवायला खिडक्यांत आले. तळमजल्यावरचे मस्यो बूव्हरे म्हणाले, "अरे वा, सर्कस पण आली." आणि दुसऱ्या मजल्यावरची खिडकी धाडकन उघडली.

"कोपर!"

"काय?"

"कोपर, कोपर! पॅरिसला काय कोपरं विकायला काढलीस?"

"मॅडम! पाच वर्षांत तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत!"

"आत्ताही बोलत नाहीये. तुझ्या कोपराशी बोलतेय."

मस्यो बूव्हरेंनी त्यालाही टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर रोज. मी खाली, तुम्ही वर, अंगावर तो निळा घरगुती झगा. "मान!" "पाऊल ओढ, ओढ, बये!" "ही काय उडी आहे का, डबकं ओलांडतेयस?" पण "कशी आहेस" नाही, "पाठ दुखते का" नाही. मी एकदा विचारलं, आईकडून माझी खुशाली का विचारता, मला का नाही? तुम्ही म्हणालात, "तू विचारायला येणार नव्हतीस ना? मग मी का यायचं?" आणि खिडकी बंद. पासष्ट वर्षांची बाई!

काल मी बॅग घेऊन खाली उभी होते. केंद्र पुन्हा सुरू झालंय. तुम्ही खिडकीत आलात. मी वाट पाहिली. तुम्ही घड्याळ बघितलंत आणि म्हणालात, "गाडी चुकेल तुझी."

"मॅडम, एकदा म्हणा ना. समोरासमोर आहे मी. ताजं आहे."

"स्पर्धा कुठाय? स्पर्धेशिवाय म्हटलं तर ती नुसती शिवी होते."

मला इतका संताप आला की मी खरंच गाडी चुकवली. म्हणून आज जातेय, आणि म्हणून हे पत्र.

अपोलीन


पॅरिस, १५ जानेवारी २०२३

मॅडम,

संपलं. संघातून मला मोकळं केलंय. अगदी गोड बोलून, कॉफी पाजून. पुढच्या मोठ्या स्पर्धांसाठी त्यांना सतरा-अठराच्या मुली हव्यात, आणि मी बावीस वर्षांची आजीबाई. रादोस्तिना रडल्या. मला रडू आलं नाही, भूक लागली. बाहेर जाऊन मी एक अख्खा लोण्याचा पाव खाल्ला आणि वर दुसरा मागवला.

मी मेमधली राष्ट्रीय स्पर्धा खेळणार आहे, एकटी, दोलच्या नावावर. ट्रॅकसूटच्या पाठीवर इतकी वर्षं जे नाव आहे ते दोलचंच आहे, हे तुम्ही कधी लक्षात घेतलंत का? मी केंद्रात गेले, क्लब सोडला नव्हता. शेवटची रिबन, मग बस. मग मी ब्झांसाँला फिजिओचं शिकायला जाणार आणि लोकांना योग्य नावाने हाक मारणार.

मला पदकाची आशा नाही, वेडी नाही मी. मला एकच गोष्ट हवी आहे, आणि ती काय ते तुम्हाला चांगलं माहीत आहे. सात वर्षं मी प्रत्येक दारातून कोरडीच आत गेले. शुभेच्छा मिळाल्या, सफरचंद मिळालं, बल्गेरियन शेण मिळालं. ते मोजत नाही मी. मे महिन्यानंतर मला पुन्हा कुठल्याच दारातून आत जायचं नाही, म्हणजे तुम्हाला ते द्यायला जागाच उरणार नाही. मग बसा इस्त्री करत.

ऑर्लेआँला आहे. सोबत तिकीट ठेवलंय. आई म्हणते तुमचं कंबरेचं हाड फार दुखतं, काठी लागते, येववणार नाही. मी म्हटलं, बाजारात माझ्याबद्दल बोलायला जाववतं ना त्यांना?

या. नाहीतर नका येऊ. या.

अपोलीन


ऑर्लेआँ, २९ मे २०२३

मॅडम,

हॉटेलच्या खाली कॉफी घेत बसलेय. पाय सुजलेत. काल जे झालं ते मी तुम्हालाच लिहून कळवतेय, तुम्ही तिथे होतात तरी, कारण तुम्ही थांबला नाहीत! तुमच्याशी भांडायचं तरी कसं माणसाने?

मी दाराशी रांगेत. पुढची मुलगी आत गेलेली. रादोस्तिना निरोप द्यायला मुद्दाम आल्या होत्या, हात धरले, डोळ्यांत पाहिलं, आणि घाईत सगळं विसरून म्हणाल्या, "शुभेच्छा!" मी डोळे मिटले. म्हटलं, आटोपलं. आणि मागून आरडाओरडा.

नारिंगी जाकिटातली स्वयंसेवक बाई म्हणत होती, "मादाम, ओळखपत्राशिवाय आत येता येणार नाही."

"तुझ्या जन्माच्या आधीपासून मी या दारांतून आत येतेय. बाजूला हो."

"मादाम, तुम्ही कोण?"

"इस्त्रीवाली."

काठी टेकत आलात, काखेत ते जुनं पुठ्ठ्याचं नळकांडं. आठ वर्षांनी जवळून पाहिलं तुम्हाला. इतक्या लहान कधी झालात? मी काहीतरी मोठं बोलायची तयारी केली होती, अगदी वाक्यं जुळवून ठेवली होती. तुम्ही विचारलंत, "राखीव कुठाय?"

"तिकडे, गालिच्याच्या कडेला."

"इस्त्री?"

मी नळकांड्याकडे बघितलं.

"हे बघा! आठ वर्षं पॅरिसला राहून आली!" तुम्ही नळकांड्यातून आपल्या क्लबची जुनी हिरवी रिबन काढलीत, वाळक्या पानासारखी फिकट झालेली, पण एक घडी नाही, एक सुरकुती नाही. त्या नारिंगी बाईच्या हातात दिलीत. "जा, तिथली उचल आणि ही ठेव. बघत काय उभी राहिलीस?" आणि ती गेली! माझ्या पोशाखाचा रंग लाल, रिबन हिरवी, टोमॅटोला देठ लावावा तशी, पण तुमच्यापुढे बोलणार कोण?

माझं नाव पुकारलं. खांद्याच्या हाडावर चापट बसली, आधीइतकीच जोरात.

"शेण."

"घेतलं," मी म्हटलं. तुम्हाला ऐकू गेलं की नाही माहीत नाही.

पुढचं तुम्ही पाहिलंतच. दुसऱ्या फेकीत पुन्हा गाठ. तीच जागा, तीच गाठ, मला वाटतं गाठींनाही माझी सवय झालीय. पण या वेळी मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टाकली, दोन उड्यांत कडेला गेले, हिरवी उचलली. आणि मॅडम, ती कशी सुटली हवेत! एक वळ नाही, एक अडखळ नाही. लोक हसले असतील रंगाला, मला काही ऐकू आलं नाही. मी शेवटपर्यंत नाचले, पहिल्यांदाच कुणाला काही दाखवायचं नव्हतं म्हणून नाचले.

सातवी आले. गाठीचे गुण कापले. जाऊ दे.

बाहेर धावत आले तर तुम्ही गायब! नारिंगी बाई म्हणाली, "त्या गेल्या. म्हणाल्या गाडी आहे, आणि इथे घामाचा वास येतो. तुम्हाला एक निरोप दिलाय."

"काय?"

"'कोपर.'"

मी तिथेच जमिनीवर बसून रडले. त्या बिचारीला वाटलं काहीतरी वाईट निरोप दिला. तिने मला पाणी आणून दिलं.

रात्री आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, त्या दर रविवारी करतात ना इस्त्री, तुझ्या जुन्या रिबनींना. तू गेलीस त्या दिवसापासून. शेजारणीकडे टीव्ही बघायला जातात तेव्हाही सोबत घेऊन जातात." मग मला आधी का नाही सांगितलंस, तर म्हणते, "तू कधी विचारलंस?" या गावात कुणीच कुणाला काही विचारत नाही, असं दिसतंय. म्हणजे स्टेशनच्या त्या रविवारीही कपडे नव्हतेच.

तर आता ऐका. माझ्यापुढे आता एकही दार नाही, एकही स्पर्धा नाही, काही वाया जाण्यासारखं उरलेलं नाही. लहानपणापासून तुम्ही प्रत्येक वेळी शेवटचा शब्द असा देत आलात की मला त्यावर काही बोलायची सोय नव्हती. आता आहे. आणि शेण कागदावर चालत नसलं तरी हे चालतं की नाही, ते मी तुम्हाला विचारणार नाही.

मर्सी, मॅडम. कोपरासाठी, पाठीसाठी, त्या चेंडूसाठी जो टेबलाखाली गेला, खिडकीसाठी, रविवारांसाठी. मर्सी. मर्सी. मर्सी. किती वर्षं साठलं होतं हे.

आणि हे शेवटचं. आई म्हणाली, तुमच्या कंबरेचं ऑपरेशन येत्या सोमवारी ब्झांसाँला आहे, आणि तुम्ही कुणाला येऊ नका म्हणून सांगितलंय. मी येतेय. ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत येणार, ओळखपत्र असो नसो. डॉक्टर, नर्स, आई, सगळ्यांचं बोलून होऊ दे. सगळ्यांत शेवटी मी. समोरासमोर, ताजं, खांद्याच्या हाडावर चापट मारून.

आणि खबरदार, आभार मानलेत तर.

अपोलीन